मोटारींची आगोट

आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, जर्मनीतल्या रस्त्यांवरून लाखो मोटारी आणि मोटारसायकली नाहीशा होतात. त्यांच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. पुष्कळदा ते ०४ आणि १० असे असतात. ही गाडी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंतच सार्वजनिक रस्त्यावर येईल, असा त्यांचा अर्थ. १ नोव्हेंबरला ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी दिसली तरी नियमभंग होतो. ही हंगामी नोंदणी जर्मनीत १ मार्च १९९७ पासून सुरू झाली. कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. पुढच्याच वर्षी, १९९८च्या जानेवारीअखेर, ब्रिटनने ‘माझी गाडी सध्या रस्त्यावर येणार नाही’ असे सरकारला रीतसर कळवून तिला करमुक्त उभी ठेवण्याची पद्धत आणली. गाडी चालवण्याचे कायदे शंभर वर्षे होतेच; गाडी उभी ठेवण्याचेही कायदे झाले.

या हंगामी गाड्यांत खुल्या टपाच्या, दोन आसनांच्या स्पोर्ट्सकार फार. जर्मन भाषेत त्यांना हिवाळ्यासाठी आवरून ठेवण्याच्या कामाला ‘आइनविंटर्न’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. इंग्रजीत ‘ले अप’ म्हणतात. तो शब्द आला जहाजांवरून. हंगाम संपला की जहाज गोदीत बांधून ठेवत, त्याला ‘लेइंग अप’ म्हणत. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी घराघरांत आणि किनाऱ्यावर जी आवराआवर, जी बेगमी चालते तिला आपण आगोट म्हणतो. युरोप-अमेरिकेतल्या मोटारींची ही आगोटच. फक्त पावसाऐवजी बर्फाच्या तोंडावरची.

इथे एक प्रश्न पडतो. शेजारच्या घरातली साधी कुटुंबाची मोटार डिसेंबरच्या बर्फात रोज कामावर जाते. तिच्याहून कितीतरी पट महाग, बळकट इंजिनाची, निष्णात अभियंत्यांनी घडवलेली स्पोर्ट्सकार मात्र पाच महिने पांघरूण घेऊन निजते. हे असे का? उत्तरासाठी मोटारीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते, कारण आरंभी सगळ्याच मोटारी हिवाळ्यात निजत होत्या.

पाण्याचा पहिला घाव

कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. तिचे इंजिन थंड राखायला पाणी होते, पण ते फिरवून पुन्हा गार करण्याची सोय नव्हती. पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालक वाटेत विहिरीवर, ओढ्यावर थांबून ते भरून घेई. पुढे १९००च्या अखेरीस विल्हेल्म मायबाखने रेसर आणि व्यापारी एमिल येलिनेक याच्यासाठी ३५ अश्वशक्तीची ‘मर्सिडीज’ तयार केली. या गाडीला आधुनिक मोटारीची आणि स्पोर्ट्सकारचीही आजी म्हणायला हरकत नाही. तिच्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि पाणी लागे अवघे ९ लिटर, आधीच्या निम्मे. मोटारीचा वेग त्यामुळे वाढला. पण त्याच बारीक नळ्यांत हिवाळ्याने आपले पहिले घर केले.

पाणी गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. बाटलीत हे घडले तर बाटली फुटते. इंजिनाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकमध्ये घडले तर ब्लॉकला तडा जातो. रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सकाळी फुटलेले मिळणे हा त्या काळच्या मोटारवाल्यांचा कायमचा धसका होता. म्हणून रोज संध्याकाळी रेडिएटरची तोटी उघडून पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे, हा एक उपाय होता. दुसरा म्हणजे नोव्हेंबरात सगळे पाणी काढून गाडी मार्चपर्यंत तबेल्यात लावून ठेवायची. श्रीमंतांना दुसराच सोयीचा वाटे. तबेला होताच, घोड्यांची देखभाल करणारी माणसे होती, आणि मालक स्वतः हिवाळ्यात नीससारख्या ऊबदार किनाऱ्यावर जात असे. येलिनेकचाही मुक्काम नीसमध्येच असे आणि त्याच्या मर्सिडीजने आपला पराक्रम १९०१च्या मार्चमध्ये तिथेच गाजवला.

अडचण एकट्या पाण्याची नव्हती. गाड्या उघड्या होत्या; गारठ्यात तासभर बसणे म्हणजे शिक्षाच. त्या काळचे इंजिन ऑइल थंडीत काकवीसारखे घट्ट होई आणि हातातल्या हँडलने इंजिन फिरवताना मनगट मोडण्याची भीती असे. टायर अरुंद होते आणि खेड्यांतले रस्ते चिखलाचे. तेव्हा गाडीला लाकडी ठोकळ्यांवर चढवावे, टायर काढून अंधाऱ्या खोलीत ठेवावेत, पितळेला चरबी चोपडावी, चामड्याचे पट्टे तेलवावेत, हा सारा विधी शोफरच्या नोकरीचाच भाग होता. शोफर हा फ्रेंच शब्द मूळचा वाफेच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवणाऱ्याचा. वर्षातले काही महिने त्याचे काम मोटार विझवून ठेवण्याचे होते.

हिवाळा जिंकला, पण कोणी?

गाडी बारमाही करण्याची खटपट लगेच सुरू झाली. रेडिएटरच्या पाण्यात मद्यार्क मिसळून पाहिला. पाणी गोठेना, पण लाकडापासून काढलेला मद्यार्क ६५ अंश सेल्सियसलाच उकळतो. इंजिन तापले की तो उडून जाई आणि मालकाला वाटे आपण अजून सुरक्षित आहोत. ग्लिसरीन वापरले, ते घट्ट आणि महाग. कॅल्शियम क्लोराइडचे क्षारयुक्त पाणी वापरले, त्याने धातूच खाल्ला. अखेर १९२७मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडने इथिलीन ग्लायकॉल ‘प्रेस्टोन’ या नावाने डब्यात भरून विकायला आणले. हे रसायन शार्ल अदोल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५०च्या दशकातच बनवले होते. ते पाण्याला गोठू देत नाही आणि स्वतः सहज उकळून उडतही नाही. सुमारे सत्तर वर्षे जुन्या पदार्थाला मोटारीने नवे काम दिले.

त्याआधी १९१२ साली चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरने कॅडिलॅकचे हँडल काढून टाकले होते. तिसरा बदल छपराचा. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आत्मचरित्रात आकडे दिले आहेत. १९१९मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी बंद टपाच्या सुमारे १० टक्के होत्या. १९२७मध्ये त्या ८५ टक्के झाल्या. आठ वर्षांत मोटार ही सहलीची वस्तू उरली नाही, ती काचा लावलेली फिरती खोली झाली.

ग्लायकॉल, स्टार्टर आणि बंद टप या तीन गोष्टींनी हिवाळा जिंकला, पण तो साध्या गाडीसाठी. खुल्या गाडीचा बाजार एवढा आक्रसला की ती घेणारा माणूस ती सोयीसाठी घेत नाही हे उघड झाले. वारा, आवाज, हलकेपणा, वळणावरचा ताबा यांसाठी तो गैरसोय विकत घेत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५मध्ये आलेली एमजी टीसी पाहा. कापडी टप, दारांना काचांऐवजी काढघालीचे पडदे, आणि हीटर नाही. ब्रिटनमध्ये राहिलेले अमेरिकन सैनिक याच गाडीवर भाळले. बाकीच्या मोटारी पुढे निघून गेल्या आणि स्पोर्ट्सकार १९१०च्या हंगामी जगातच राहिली. तिची हिवाळी झोप हा त्या जुन्या जगाचा अवशेष आहे.

युद्धाचा लांब हिवाळा

गाडी निजवण्याची विद्या शोफरांच्या हातून सामान्य घरांत गेली ती मात्र थंडीमुळे नव्हे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. १९४०मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीने उभी गाडी शत्रूला चालवता येऊ नये असा हुकूम निघाला. लोक डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात घालून फिरू लागले. १ जुलै १९४२पासून खासगी वापराचा पेट्रोलचा मूळ वाटाच बंद झाला. डॉक्टर, शेतकरी आणि अत्यावश्यक कामाची माणसे सोडली तर देशातल्या मोटारी ठोकळ्यांवर गेल्या.

हा हिवाळा तीन वर्षे चालला. १९४५च्या उन्हाळ्यात थोडे पेट्रोल पुन्हा मिळू लागले, तरी रेशनिंग संपायला मे १९५० उजाडले. या काळात कारकून, शिक्षक, दुकानदार अशा लोकांनी स्पार्कप्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडणे, महिन्याकाठी इंजिन हाताने दोन फेरे फिरवणे, बॅटरी काढून घरात आणणे, टायरवरचा भार काढणे या गोष्टी केल्या. कुणाला माहीत नव्हते की गाडी पुन्हा कधी चालेल. तरी तेल सोडले गेले. आजची यादी पाहिली तर तिच्यातल्या निम्म्या ओळी त्या पिढीला तोंडपाठ होत्या असे दिसते.

मीठ

युद्ध संपले, पेट्रोल आले, रस्ते सुधारले. मग एक नवा शत्रू आला, आणि तो माणसानेच रस्त्यावर ओतला होता.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८मध्ये महामार्गावरचा बर्फ वितळवायला मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात देशभर मिळून जेमतेम ५,००० टन मीठ पसरले गेले. आज एकट्या अमेरिकेत हा आकडा वर्षाला अंदाजे २ कोटी टनांच्या घरात जातो. मिठाचे शास्त्र सोपे आहे. २३ टक्के मिठाचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे काचेसारखा बर्फ सुटतो आणि चाकाला काळा डांबरी रस्ता मिळतो. त्याने असंख्य जीव वाचले, यात वाद नाही. त्याची किंमत मोटारीच्या पत्र्याने मोजली.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज येतो. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्याला विजेचे चांगले वाहक करते आणि गंजण्याची क्रिया अनेक पटींनी वेगवान होते. शिवाय ते हवेतली ओल ओढून धरते. चाकांखालून उडालेले खारे पाणी पत्र्याच्या घड्यांत, दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांत जाऊन बसते आणि वसंतातही सुकत नाही. नेमके याच काळात गाडीची रचनाही बदलली. जुन्या गाडीला जाड लोखंडी चासी होती. १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जग्वार ई-टाइपसारख्या गाड्यांत पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्यांनीच अंग तोलले जात होते. तिथे गंज म्हणजे हाडाचा क्षय. स्पोर्ट्सकार जमिनीलगत आणि हलकी, म्हणून तिला तो आधी लागे.

इथे हिवाळी झोपेचा अर्थ पालटला. १९१०ची गाडी हिवाळ्यात चालू शकत नव्हती म्हणून निजत होती. १९६०ची चालू शकत होती, पण मालक तिला बाहेर काढायला धजत नव्हता. सक्तीची जागा निवडीने घेतली. कारखान्यांनीही उपाय केले. पोर्शने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ९११ गाडीच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. तरीही सवय गेली नाही. आता तिच्यामागे उन्हाळी टायरचाही प्रश्न आहे. वेगवान गाडीच्या उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते, ७ अंशांच्या खाली पकड कमी होत जाते आणि गोठणाऱ्या थंडीत हलवले तर काही टायरांना चिराही जातात.

यादीतल्या ओळी

गाडी निजवणारा माणूस आज ज्या क्रमाने काम करतो तो क्रम बारकाईने पाहावा. जवळजवळ प्रत्येक ओळीत शत्रू एकच आहे: पाणी, निरनिराळ्या वेषांतले.

प्रथम गाडी धुवायची, खालून विशेष, आणि मग ती काही मैल चालवून पूर्ण वाळवायची. मीठ, किडे, पक्ष्यांची विष्ठा रंगावर पाच महिने राहिली तर डाग कायमचे. त्यानंतर इंजिन गरम असतानाच ऑइल बदलायचे. पुष्कळांना वाटते की नवे ऑइल वसंतात घालावे, उगाच पडून का राहू द्यावे? पण पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आम्लेही होतात, आणि ती वापरलेल्या ऑइलात उतरतात. ते ऑइल पाच महिने बेअरिंगांना लागून राहणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

मग पेट्रोल. टाकी अर्धी असेल तर वरच्या हवेतली वाफ रात्रीच्या गारठ्यात टाकीच्या भिंतींवर दवासारखी जमते. म्हणून लोखंडी टाकी काठोकाठ भरतात. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा अंश आधी उडतो. उरलेल्याचे हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि ती कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. इथेनॉलने आणखी एक भर घातली. जर्मनीत २०११मध्ये आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१मध्ये १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर आले. इथेनॉल पाणी शोषतो. थोडे पाणी तो पेट्रोलमध्ये सामावून घेतो, पण थंडी वाढली की ही ताकद घटते आणि एका रात्रीत पाणी-इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाला पेट्रोल जाते ते तिथूनच.

रेडिएटरमधल्या कूलंटचे प्रमाण तपासायचे, ते आपण पाहिलेच. ब्रेकचे तेलही हवेतली ओल पिते, म्हणून ते जुने असेल तर बदलायचे. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. ओलीने ब्रेकचे पॅड डिस्कला किंवा ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी अडणी लावायची. टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा मारायची, कारण एकाच जागी भार राहिला तर टायर चपटतो. गाडी ठोकळ्यांवर चढवण्याची जुनी पद्धत आता काहीजण टाळतात. चाके लोंबकळत राहिली की सस्पेन्शनचे दांडे आणि रबरी भाग अनैसर्गिक ताणात राहतात.

बॅटरीची गोष्ट जुनी आहे. गास्ताँ प्लांतेने १८५९मध्ये शिसे आणि आम्लाची बॅटरी बनवली, आणि तिचा स्वभाव अजून तोच आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत आम्ल पातळ होऊन पाणीच जास्त उरते, आणि ते उणे ८-१० अंशांच्या आसपास गोठून डबा फोडते. जुन्या गाडीची बॅटरी काढून ठेवली की भागे. आजच्या स्पोर्ट्सकारमधले संगणक, कुलपे, भोंगे गाडी निजली तरी जागे असतात आणि काही आठवड्यांत बॅटरी रिकामी करतात. म्हणून तिला बारीक विजेची नळी लावून ठेवतात, रुग्णाला सलाइन लावावे तशी.

शेवटी हवा. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळणे हा सर्वांत सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय. थंडीची लाट ओसरून पहिला ऊबदार दिवस येतो तेव्हा बाहेरची दमट हवा गार पत्र्याला लागते आणि गाडीला घाम फुटतो. कापडी आच्छादनातून तो उडून जातो, प्लॅस्टिकखाली राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो. फार खाली गेली तर चामडे आणि डॅशबोर्डचे लाकूड तडकते. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून कापडाचे बोळे घालतात आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधतात, नाहीतर वसंतात बोळ्यासकट इंजिन चालू व्हायचे.

दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करावे, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो घातक आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. जळण्यातून झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहते. एकतर गाडी नीट तापेपर्यंत रस्त्यावर न्यावी, नाहीतर झोपू द्यावे.

तीन साक्षी

ही यादी खरी की खोटी, हे सांगायला इतिहासाने काही अजाणते प्रयोग करून ठेवले आहेत.

ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १५ जून १९५७ रोजी टल्सा शहराने एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर मोटार काँक्रीटच्या भुयारात पुरली. अणुबाँबलाही दाद देणार नाही अशी या भुयाराची ख्याती होती. गाडीला गंजरोधक थर दिला, ती गुंडाळली. २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून काही गॅलन पेट्रोल आणि ऑइलही शेजारी ठेवले. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ जून २००७ला, हजारो लोकांसमोर आच्छादन उघडले तेव्हा आत चिखलाने माखलेला गंजाचा सांगाडा होता. भुयारात पाणी शिरले होते आणि कुणालाच कळले नव्हते. त्याच शहराने १९९८मध्ये प्लिमथ प्राउलर ही दोन आसनी गाडी पुन्हा एका कोठडीत बंद केली, २०४८मध्ये उघडण्यासाठी. या वेळी कोठडी जमिनीच्या वर बांधली. तेवढे ते शिकले.

दुसरा प्रयोग फ्रान्समधला. वाहतूक व्यवसायातल्या रोजेर बायाँ यांनी १९५०च्या दशकापासून संग्रहालयाच्या स्वप्नाने मोटारी जमवल्या. धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या त्यांच्या जागेत पडून राहिल्या. २०१४मध्ये लिलाववाले तिथे पोहोचले तेव्हा नुसत्या पत्र्याच्या आडोशाखाली ठेवलेल्या टाल्बो-लागो आणि इतर गाड्यांचे पत्रे सडून कोसळले होते. पण एका बंद गॅरेजमध्ये मासिकांच्या ढिगाखाली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली. अभिनेता आलँ दलों याच्याकडे ती पूर्वी होती. ती शाबूत होती. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला तिला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो आले. एकच मालक, एकच आवार, तेवढीच वर्षे. फरक चार भिंतींचा.

तिसरी साक्ष न्यूकॅसलची. ल मॉन्सची शर्यत जिंकलेल्या अर्ल हाउसाठी १९३७मध्ये बनलेली बुगाटी टाइप ५७ एस १९५५ला एका शल्यविशारदाने घेतली. साठच्या दशकाच्या आरंभी ती घराच्या गॅरेजमध्ये लागली आणि तो २००७मध्ये वारेपर्यंत तिथेच होती. कोरड्या विटांच्या खोलीत धूळ बसली, बाकी फारसे बिघडले नाही. फेब्रुवारी २००९मध्ये ती पॅरिसमध्ये ३४ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली.

तिन्हींतून निघतो तो धडा साधा आहे. ज्याला जास्तीत जास्त बंदिस्त केले ते सर्वांत जास्त नासले. कोरडी हवा फिरत राहिली तिथे वस्तू टिकली. पण टिकणे आणि जिवंत राहणे यांत अंतर आहे. बुगाटी टिकली, तरी पन्नास वर्षे उभ्या इंजिनाला चावी मारून कोणी निघू शकत नाही.

आपल्या किनाऱ्यावर

मोसमी पावसाच्या प्रदेशाला ही विद्या परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीचा विचार आहे. समुद्र खवळण्याआधी तारवे किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात लावायची. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि त्याआधी किनाऱ्यावर होड्या ओढून झापांनी शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात. मधल्या काळात डागडुजी, तेलपाणी, जाळी विणणे चालूच असते.

मुंबई-पुण्याचे जुन्या मोटारींचे शौकीनही त्यांची झोप पावसाळ्यात घालतात, आणि त्यांच्या फेऱ्या हिवाळ्यात निघतात. युरोपची यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे बॅटरी गोठत नाही, पण उष्म्याने लवकर उतरते. चामड्याला चीर जात नाही, बुरशी येते. उसाच्या प्रदेशाला इथेनॉलची ओळख करून द्यायला नको. देशभर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा चार महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीचा, रबरी नळ्यांचा विचार इथे युरोपपेक्षा जास्तच करावा लागतो. शत्रू मात्र तोच, पाणी.

आज या विद्येपुढचा खरा धोका थंडीचा किंवा पावसाचा नाही. वर दिलेले लिलावाचे आकडेच तो दाखवतात. गाडीची किंमत कोटींत गेली की प्रत्येक मैल तिची किंमत कमी करतो असे मालकाला वाटू लागते. मग तापमान आणि आर्द्रता यंत्राने राखलेल्या कोठारांत गाड्या लागतात आणि वसंत आला तरी निघत नाहीत. तिथे सील सुकतात, कार्ब्युरेटरात राळ धरते, आणि गाडी चालवण्याचे कसब असलेली, तिचा आवाज ओळखणारी माणसे कमी होत जातात. वस्तू राहते, विद्या जाते. किनाऱ्यावरची होडी कधीच पाण्यात जाणार नसेल तर तिला शाकारणे ही आगोट नव्हे.

हिवाळी झोपेच्या यादीत म्हणूनच सर्वांत मोलाची ओळ मला स्टिअरिंगवरच्या चिठ्ठीची वाटते. सायलेन्सरमधला बोळा काढ, बॅटरी जोड, टायरची हवा उतरव, ब्रेक दोनदा दाबून पाहा. ऑक्टोबरातल्या माणसाने एप्रिलमधल्या माणसासाठी लिहिलेले हे चार शब्द. १९४२मध्ये ठोकळ्यांवर गाडी चढवून सिलिंडरमध्ये तेल सोडणाऱ्याकडे तारीखसुद्धा नव्हती, तरी त्याने कुणीतरी परत येणार हे धरून काम केले. टल्साच्या भुयारात तारीख होती, पेट्रोल होते, ऑइल होते. पन्नास वर्षांत एकदा डोकावून पाहणारा माणूस तेवढा नव्हता.